कठीण प्रवाळांसाठी दगडांची मांडणी कशी करावी? (4 × 2 × 2 फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी, बेळगाव)

टिळकवाडी_टाकी

नमस्कार मंडळी. टाकी 120 × 60 × 60 सेंटीमीटर, काच 12 मिलिमीटर, खाली सम्प (पाणी गाळायची दुसरी टाकी), ओव्हरफ्लोचा (वरचं पाणी सम्पकडे नेणारा) डबा मागे उजव्या कोपऱ्यात. दोन वेव्हमेकर (पाणी फिरवणारे पंप), प्रत्येकी तासाला 8,000 लिटरचे. दिवा एलईडी. पुढे कधीतरी अ‍ॅक्रोपोरा आणि माँटिपोरा हे कठीण प्रवाळ ठेवायचे आहेत, खालच्या बाजूला थोडे टॉर्च आणि हॅमर (लांब शेंड्यांचे कठीण प्रवाळ). कारखान्यात बनवलेला अ‍ॅरागोनाइटचा (चुनखडीच्या खनिजाचा) कोरडा दगड 45 किलो आहे. टाकीत अजून पाणी नाही.

प्रश्न असे: सगळा दगड घालायचा का? किती उंच रचायचा? चिकटवायचा कशाने? आणि रेती आधी घालायची की दगड?

खानापूर_रीफ

45 किलो सगळा घालू नका. जुन्या हिशेबात लिटरमागे 120 ते 180 ग्रॅम दगड धरायचे, कारण तेव्हा पाणी शुद्ध करायचं बहुतेक काम दगडातल्या जिवाणूंवरच होतं. आता स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) असतो, सम्पमध्ये सच्छिद्र मीडिया (जिवाणूंना राहायचे तुकडे) असतं. तुमच्या टाकीचं माप 430 लिटरचं आहे, पण वरची रिकामी जागा, दगड आणि रेती वजा करता आत 370-380 लिटरच पाणी राहणार. तेवढ्याला 25 ते 28 किलो हलका, भोकाभोकांचा दगड भरपूर होतो. चार-पाच किलो सम्पमध्ये ठेवा. बाकीचे तुकडे फेकू नका, फ्रॅग (प्रवाळाचे लावायचे छोटे तुकडे) बसवताना पाचर म्हणून लागतात.

आता उंची. पाणी 55 सेंटीमीटर उभं राहील. दगडाचं सगळ्यात वरचं टोक 30-32 सेंटीमीटरच्या पुढे नेऊ नका. फ्रॅग आणताना दोन सेंटीमीटरचा असतो, पण फांद्यांचा अ‍ॅक्रोपोरा रुळला की वर्षाला 5 ते 10 सेंटीमीटर वाढतो. दगडच 45 सेंटीमीटरपर्यंत चढवला तर दीड-दोन वर्षांत फांद्या पाण्याबाहेर डोकं काढायला लागतात आणि वरचा प्रवाह अडतो. मग कात्री लावत बसावं लागतं. सुरुवातीला टाकी उघडीबोडकी दिसेल. दिसू दे. ती जागा प्रवाळांसाठीच राखलेली आहे.

काचेपासूनची अंतरं: पुढे 12, बाजूंना 8 ते 10, मागे किमान 10 सेंटीमीटर. चुंबकाची घासणी आणि तुमचा हात दोन्ही चारही बाजूंनी फिरले पाहिजेत. मागच्या काचेला टेकवून गडगा घातल्यासारखी भिंत उभी करणारे पुष्कळ जण आहेत. त्या भिंतीमागे पाणी फिरत नाही, माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं तिथंच साठतं. वर्षभरात नायट्रेट चढतं, लाल शेवाळ येतं, आणि साफ करायला हात जात नाही.

रेतीचं उत्तर सोपं आहे. दगड आधी, थेट तळावर. रेती नंतर त्याच्या भोवतीनं. रेतीवर दगड ठेवला की पिस्तूल कोळंबी, गोबी आणि जॉफिश हे मासे खालून रेती उपसतात आणि दगड कलतो. 12 मिलिमीटर काचेवर सात-आठ किलोचा दगड टोकावर आपटला तर काय होईल ते सांगायला नको.

निपाणी_लाटा

वरच्याशी सहमत. बांधायची पद्धत सविस्तर लिहितो.

जुन्या खोक्याचा पुठ्ठा 120 × 60 कापा, जमिनीवर पसरा. त्यावर काचेपासूनची अंतरं, ओव्हरफ्लोचा डबा आणि वेव्हमेकरच्या जागा मार्करने आखा. तुमच्या मापाला दोन बेटं छान बसतात. डाव्या काचेपासून 8 सेंटीमीटर सोडून 55 सेंटीमीटर लांबीचं मोठं बेट, मग 17 सेंटीमीटरची मोकळी वाट, मग 30 सेंटीमीटरचं छोटं बेट, आणि उजवीकडे 10 सेंटीमीटर रिकामे. बेरीज 120. मोठ्या बेटाची खोली 38 ठेवा. छोट्याची 25 च ठेवून ते पुढे घ्या, म्हणजे त्याच्या मागे ओव्हरफ्लोचा डबा साफ करायला 23 सेंटीमीटर मिळतात. मोठ्याचं टोक 32 वर, छोट्याचं 22 वर. दोन्ही सारख्या उंचीची करू नका. वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळा उजेड पडतो आणि तोच तर वापरायचा आहे.

दगड निवडताना आधी पाय शोधा. प्रत्येक बेटाला तीन पाय. तीन टेकू कधीच डुगडुगत नाहीत, चार टेकूंचं बेट एका कोपऱ्यात हलतंच. पायाच्या दगडांची खालची बाजू छिन्नीने किंवा चार इंची ग्राइंडरने सपाट करा. डोळ्यांवर गॉगल आणि तोंडावर मास्क हवाच, ही धूळ फुप्फुसाला वाईट.

पायांवर पसरट, चपटे दगड आडवे. गोल दगड एकावर एक ठेवले की वर फ्रॅग लावायला जागाच उरत नाही. चपट्याला एक बाजू वर आणि कडेला दुसरी, दोन्ही मिळतात. बेटाच्या पोटात आरपार दिसणारा बोगदा ठेवा, किमान 10 सेंटीमीटरचा. माशांनाही तोच आसरा होतो.

दोन दगड जिथे जास्त वजन घेतात तिथे नुसत्या गोंदावर विसंबू नका. 8 मिलिमीटरचा अ‍ॅक्रिलिक किंवा फायबरग्लासचा दांडा घ्या, दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे मिळतो. 9 मिलिमीटरच्या दगडी बिटने दोन्ही दगडांत 4-5 सेंटीमीटर खोल भोक. ड्रिल मशीन ठोके मारणाऱ्या हॅमर मोडवर ठेवू नका, दगड फाटतो. साधं फिरवून, हळू वेगानं, बिटवर अधूनमधून पाणी टाकत. लोखंडी सळई अजिबात नको, स्टेनलेसचीही नको. खाऱ्या पाण्यात गंज येतो आणि धातू पाण्यात उतरतो.

एक पथ्य पाळा: कुठलाही चिकटवलेला भाग 10 किलोच्या वर जाऊ देऊ नका. बेट दोन-तीन भागांत करा, ते भाग एकमेकांत बसतील पण चिकटलेले नसतील असे. पुढे मासा पकडायला किंवा एखादा आजारी प्रवाळ काढायला एका माणसाला एक भाग उचलता आला पाहिजे.

टिळकवाडी_टाकी

मापं एकदम उपयोगी. गोंदाचं राहिलं. दुकानात सुपरग्लू जेल, दोन रंगांची पुट्टी आणि सिमेंट असं तिन्ही सांगतात.

खानापूर_रीफ

तिन्ही चालतात, कामं वेगळी.

सुपरग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. फ्रॅगसाठी जेल. कोरड्या दगडांचे सांधे भरायला मात्र पातळ ग्लू आणि अ‍ॅरागोनाइटची भुकटी ही जोडी सगळ्यात वेगवान. दोन दगड हव्या त्या कोनात धरा, फटीत भुकटी दाबून भरा, वरून पातळ ग्लूचे थेंब सोडा. काही सेकंदांत दगडासारखं घट्ट होतं. पुन्हा भुकटी, पुन्हा ग्लू, असे चार-पाच थर. या पद्धतीनं पातळ कमानी आणि पुढे झुकलेली फळी सुद्धा उभी करता येते. पण दोन सावधगिऱ्या. भुकटीवर ग्लू पडला की उष्णता आणि झोंबणारी वाफ निघते, त्यामुळे अंगणात किंवा गच्चीवर काम करा. आणि सुती हातमोजे किंवा कापूस जवळ नको. सुती धाग्याला हा ग्लू लागला की तो इतका तापतो की चटका बसतो, कधी धूर निघतो. नायट्राइलचे मोजे घाला.

पुट्टी भरावासाठी. ती नुसती धरत नाही, तिच्या दोन्ही बाजूंना जेल लावून मध्ये पुट्टीचा गोळा दाबायचा. नळाच्या गळतीला लावतात ती नको, मत्स्यपेटीसाठी असलेलीच घ्या. पाणी भरल्यावर पुट्टी वापरली तर स्किमर एक-दोन दिवस वेड्यासारखा फेस काढतो. त्याचा फेसाचा कप वर उचलून ठेवा, एका वेळी थोडीच लावा.

सिमेंट मोठ्या सांध्यांना, पण ते पाण्याचा पीएच चढवतं. पाण्यात मुरवल्याशिवाय प्रवाळ नाही.

सिलिकॉन मात्र सोडून द्या. खडबडीत, धुळीच्या दगडाला ते धरत नाही.

चिकोडी_सागर

मंडळी, एवढा तयार दगड महाग पडतोय की ओ. आमच्याकडे काळा दगड पाहिजे तेवढा, खानापूर-जांबोटीकडे जांभा, गोकाकचा वाळूचा दगड आहे, शहाबादी फरशीचे तुकडे तर फुकट मिळतात. यातलं काय चालतंय?

निपाणी_लाटा

दादा, एकेक घेऊ.

जांभा बाद. त्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा आहे. भुगा सुटत राहतो, पाण्यात लोह जातं आणि शेवाळाला खत मिळतं.

काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. पाण्याला सहसा काही करत नाही, पण भरीव आणि जड. एका लिटर आकाराचा तुकडा तीन किलोच्या जवळ भरतो, आणि आत जिवाणूंना राहायला छिद्रं नाहीत. शिवाय गुळगुळीत फुटलेल्या बाजूवर प्रवाळाचा पाया पटकन पसरत नाही. गोकाकच्या दगडाचंही तेच, वाळूचे कण घट्ट बांधलेले, जड.

शहाबादी चुनखडीच आहे, व्हिनेगरचे थेंब टाकले तर बुडबुडे येतील. तीही भरीव आहे, पण तळाला, पायाखाली दडवायला चपटा तुकडा म्हणून चालेल. पॉलिश किंवा मेण लावलेला तुकडा नको, जुन्या घरातून निघालेला सिमेंट-रंग लागलेलाही नको. बुडबुडे येतात म्हणजे दगड चांगला असं धरू नका. ती परीक्षा फक्त चुन्याचा आहे की नाही एवढंच सांगते. त्यात धातूची रेघ आहे का, तेल मुरलंय का, ते काही कळत नाही.

मत्स्यगंधा_वडगाव

यात एक गैरसमज पण काढून टाकूया. चुन्याचा दगड घातला की क्षारता आणि कॅल्शियम आपोआप टिकतं असं पुष्कळ लोक धरून चालतात. रीफच्या (प्रवाळांच्या टाकीच्या) पाण्याचा पीएच 8 ते 8.3 असतो. त्या पीएचला अ‍ॅरागोनाइट जवळजवळ विरघळतच नाही. कठीण प्रवाळ सांगाडा बांधायला रोज क्षारता ओढतात. ती डोसिंगनेच, म्हणजे मोजून द्रावण घालूनच भरून द्यावी लागते: क्षारता 8 ते 9 डीकेएच (क्षारतेचं एकक), कॅल्शियम 420 ते 450, मॅग्नेशियम 1300 ते 1400 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). दगडाचं काम आधार देणं, पाणी फिरू देणं आणि जिवाणूंना घर देणं एवढंच.

चिकोडी_सागर दादांना स्वस्तात हवं असेल तर दगड घरी बनवता येतो. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात शिंपल्याची भरड मिळते, आपल्या भागात पोल्ट्री आहे त्यामुळे शोधावी लागत नाही. मापानं एक भाग सिमेंट, तीन भाग भरड, एक भाग जाडं मीठ. सिमेंट ओपीसी (साधं पोर्टलँड) मागून घ्या. बहुतेक पोती पीपीसीची असतात, त्यात राख मिसळलेली असते. भरड आधी तीन-चार पाण्यांनी धुवा. कोरडं सगळं एकत्र करून मग पाणी, मूठ दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये एवढंच. जास्त पाणी झालं की मीठ आधीच विरघळतं आणि दगड भरीव होतो.

टबात ओली रेती पसरा, हाताने खड्डे-चर करा, त्यात मिश्रण टाका, दाबून गच्च करू नका. वरून गोणपाट, सात दिवस ओलं ठेवा. मग गोड्या पाण्यात बुडवा. मीठ निघून जातं, त्याच्या जागी भोकं राहतात. पाणी आठवड्याला बदला. पहिल्या आठवड्यात पीएच 11-12 दाखवेल, घाबरायचं कारण नाही, सिमेंटमधला चुना निघतोय. चार ते आठ आठवडे लागतात. ताज्या पाण्यात 48 तास ठेवून पीएच 8.5 च्या खाली राहिला तरच मुरला समजा. घाई केली तर टाकीतली क्षारता आणि पीएच दोन्ही वर उडतात आणि अ‍ॅक्रोपोराची टोकं जळतात.

खानापूर_रीफ

ताई, पद्धत बरोबर. फक्त घरचा दगड कितीही केला तरी तयार दगडापेक्षा जड आणि कमी सच्छिद्र होतो, आणि मीठ जास्त झालं तर कडा झडतात. माझं मत असं की पाय आणि मधला भार घरच्या दगडाचा करा. दिसणाऱ्या फळ्या, जिथे प्रवाळ बसणार, त्या चांगल्या दगडाच्या. खर्च निम्म्यावर येतो आणि वरचं काम बिघडत नाही.

मत्स्यगंधा_वडगाव

पायांसाठी मान्य. पण फळ्याही घरच्या करता येतात, जाडी 4-5 सेंटीमीटर ठेवून मध्ये अ‍ॅक्रिलिक दांडा घातला तर. रंग पुढे दगडावर पसरणाऱ्या जांभळट कोरलाइन शेवाळाने झाकलाच जातो.

कारवारी_वारा

दगड आणि प्रवाळ कुठून घ्यायचे यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय, आणि हे महत्त्वाचं आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत सगळे कठीण प्रवाळ येतात. काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल, समुद्रपंखे हेही त्यातच. वाघाला जे संरक्षण तेच यांना. जिवंतच नव्हे, मेलेला सांगाडाही. म्हणजे मालवणला, गोव्याच्या ग्रँड आयलंडला किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला पोहायला गेल्यावर पांढरा तुकडा खिशात टाकून आणणं हा गुन्हा आहे. काही दुकानांत कोरल बोन म्हणून जे पांढरे फांदीदार सांगाडे मिळतात त्यांचंही तसंच, घेऊ नका. या धाग्यात कारखान्यात बनवलेल्या किंवा घरच्या दगडावर चर्चा चालली आहे ते म्हणूनच योग्य.

परदेशातल्या शेतीत वाढवलेल्या फ्रॅगांनाही कागद लागतात. कठीण प्रवाळ साइट्सच्या (CITES, वन्यजीव व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, निर्यात करणाऱ्या देशाच्या परवान्याशिवाय ते कायदेशीर येऊच शकत नाहीत. विक्रेत्याकडे त्या खेपेचे कागद मागा. कागद नाहीत, उद्या देतो, असं म्हणाला तर फ्रॅग घेऊ नका. आणि ठेवण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात लेखी विचारा. दगड मुरायला तसाही वेळ लागतो, त्या काळात हे काम होऊन जातं. कागद जमले नाहीत तर त्याच मांडणीवर मासे आणि मऊ प्रवाळ ठेवता येतात, मात्र मऊ प्रवाळांचंही आधी विचारून घ्या. दगडाची मेहनत वाया जात नाही.

टिळकवाडी_टाकी

धन्यवाद, हे पक्कं लक्षात ठेवतो. मग दगड मुरवण्याचं सांगा. टाकीतच मुरवू की बाहेर?

मत्स्यगंधा_वडगाव

बाहेर, 200 लिटरच्या निळ्या पिंपात. आधी खाद्यतेल किंवा रसायन भरलेलं पिंप नको. कारण असं की कोरड्या दगडातून फॉस्फेट निघत राहतं. टाकीत काचेवर उजेड पडतो, मग पहिले सहा महिने तपकिरी थर, केसासारखं हिरवं शेवाळ आणि डायनोफ्लॅजेलेट (सूक्ष्म एकपेशीय जीव) यांच्यातच जातात. पिंपात अंधार असतो, शेवाळ येत नाही, आणि पाणी फेकून देणं सोपं.

बांधलेली बेटं पिंपात जाणार नाहीत हे आधीच ध्यानात घ्या. सुटे भाग असतील तरच जातील. म्हणून क्रम असा: सुके भाग बांधा, एकदा टाकीत ठेवून बघा, मग पिंपात.

पाणी आरओ-डीआयचं (क्षार पूर्ण काढलेलं), टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. राकसकोप धरणाचं नळाचं पाणी त्यातल्या त्यात मऊ असलं तरी त्यात क्लोरीन असतं, आणि चिकोडी-अथणीकडचं बोअरचं पाणी तर घेऊच नका. 200 लिटरला सात ते आठ किलो समुद्री मीठ, खारटपणा 35 पीपीटी (हजारात 35 भाग). आत एक फिरता पंप आणि 26 अंशांवर हीटर. बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा 15 च्या खाली उतरतो, हीटर नसेल तर जिवाणू वाढतच नाहीत आणि दोन महिने फुकट जातात.

जिवाणूंना खाद्य म्हणून अमोनिया लागतो, त्यासाठी शुद्ध अमोनियम क्लोराइड, 200 लिटरला सव्वा ग्रॅम. त्याने साधारण 2 पीपीएम अमोनिया होतो. बाजारातला कल्हईचा नवसागर तोच पदार्थ असला तरी अशुद्ध, तो नको, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. सोबत बाटलीतले जिवाणू. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही 24 तासांत शून्यावर यायला लागले की पुन्हा सव्वा ग्रॅम टाकून खात्री करा. एकूण चार ते सहा आठवडे. त्यानंतर फॉस्फेट मोजा. 0.1 पीपीएमच्या वर असेल तर सगळं पाणी बदला आणि आठवड्याने पुन्हा मोजा.

आणि पुढे टाकीत फॉस्फेट-नायट्रेट शून्य करायच्या मागे लागू नका. फॉस्फेट 0.03 ते 0.1, नायट्रेट 5 ते 10 बरं. नव्या दगडावर दोन्ही शून्य झाले की डायनोफ्लॅजेलेटचं फावतं, तपकिरी शेंबडासारखे धागे, त्यात बुडबुडे. ते घालवणं हिरव्या शेवाळापेक्षा फार अवघड.

चिकोडी_सागर

अ‍ॅसिडात धुतात म्हणे, ते करायचं काय?

निपाणी_लाटा

कारखान्यातल्या दगडाला गरज नाही. जुन्या टाकीतला, आत सडका जीव अडकलेला दगड असेल तरच. एक भाग म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड, दहा भाग पाणी, आणि नेहमी पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, उलट कधीच नाही. उघड्यावर, चष्मा-मोजे घालून. फेस थांबला की भरपूर पाण्याने धुऊन दोन-तीन दिवस भिजत ठेवा. वरचा थर जातो आणि त्यातलं फॉस्फेटही. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आणू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्ही करायचं असेल तर मध्ये दगड पूर्ण धुऊन उन्हात वाळवा.

टिळकवाडी_टाकी

प्रवाळ कुठे कोणता बसवायचा ते आत्ताच ठरवायचं का? मांडणीला त्याने फरक पडतो का?

खानापूर_रीफ

पडतो, आणि बांधायच्या आधीच ठरवायचं. त्या पुठ्ठ्यावर प्रत्येक अ‍ॅक्रोपोराला 20 सेंटीमीटरचं वर्तुळ काढा. मोठ्या बेटावर वरच्या भागात अशी पाच-सहाच बसतात. म्हणजे तुम्हाला पाच-सहाच घ्यायचे आहेत, पंधरा नाहीत. दाटी केली की दोन वसाहती एकमेकींना भिडतात, त्या कडा पांढऱ्या पडतात आणि आतल्या फांद्यांना प्रवाह मिळत नाही.

उजेड पीएआरमध्ये (प्रवाळाला उपयोगी उजेडाचं माप) सांगतो. अ‍ॅक्रोपोरा 250 ते 400, म्हणजे वरच्या फळ्या. माँटिपोरा 150 ते 300, मधल्या. टॉर्च-हॅमर 75 ते 150, खाली आणि कडेला. पीएआर मीटर कुणाकडून तरी दोन तासांसाठी मागून आणा. मोबाइलचं लक्स मोजणारं अ‍ॅप निळा उजेड चुकीचा मोजतं, त्याने फक्त इथे जास्त की तिथे, एवढीच तुलना होते.

माँटिपोराचे दोन प्रकार लक्षात ठेवा. थाळीसारखा पसरणारा वरच्या फळीवर लावला तर दोन वर्षांत खालच्या सगळ्यांवर सावली धरतो. तो छोट्या बेटाच्या कडेला, खाली काही नसेल अशा जागी. दगडाला चिकटून रांगणारा प्रकार मोठ्या बेटावर अजिबात नको, तो शेजाऱ्यांच्या पायावर चढतो. त्याला रेतीत एक वेगळा, कुणाला न टेकणारा दगड द्या.

टॉर्च रात्री लांब डंखाच्या शेंड्या सोडतो. प्रवाहाच्या दिशेला 20-25 सेंटीमीटर मोकळं ठेवा. हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन यांपैकी हॅमर आणि फ्रॉगस्पॉन एकमेकांजवळ बहुधा नांदतात, टॉर्च मात्र वेगळाच ठेवा. गॅलॅक्सिया तर या मापाच्या टाकीत घेऊच नका, त्याच्या शेंड्या याहून लांब जातात.

निपाणी_लाटा

प्रवाहाची परीक्षा राहिली. टाकी भरल्यावर, जीव सोडण्याआधी, दोन्ही वेव्हमेकर चालू करा. दोघांचे मिळून 16,000 लिटर म्हणजे पाण्याच्या चाळीस-बेचाळीस पट, अ‍ॅक्रोपोरासाठी ठीक. मग दगडाची बारीक भुकटी, दोन चमचे, पाण्यात कालवून सोडा आणि दुसऱ्या दिवशी बघा कुठे साठली. जिथे पांढरा ढीग दिसेल तिथे पुढे घाण साठणार. एक तर पंपाचा कोन बदला, नाही तर तो दगड थोडा फिरवा. हे आत्ता पाच मिनिटांचं काम आहे, प्रवाळ चिकटल्यावर होत नाही.

पंप समोरासमोर नेमके एका रेषेत नको. एक वर, एक थोडा खाली आणि मागच्या काचेकडे वळवलेला. थेट झोत प्रवाळावर कधीच नाही, मांस सोलून निघतं. झोत काचेवर आदळून फुटला पाहिजे.

लाइट गेल्यावर निदान एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर किंवा 24 व्होल्टच्या बॅटरीवर चालेल अशी सोय ठेवा. पावसाळ्यात खानापूर बाजूला तासन्‌तास वीज नसते. दगड कितीही मोकळा रचला तरी पंप बंद पडला की आतला प्राणवायू संपायला लागतो.

शहापूर_पेटी

माझ्याकडे नेमकी तीच भिंत आहे, मागच्या काचेला टेकलेली, 60 किलो, आणि मागे लाल थर. टाकी चालू आहे, मासे आहेत, चार-पाच माँटिपोरा लागलेत. सगळं उपसायचं का?

खानापूर_रीफ

एकदम उपसू नका. दगडामागचा गाळ एकाच वेळी ढवळला तर अमोनिया चढून मासे जातील. तीन-चार आठवडे धरा, आठवड्याला एक भाग. दगड उचलण्याआधी त्याच्या मागे नळी घालून गाळ ओढून घ्या, त्याच पाण्यात तो दगड बादलीत खळखळून धुवा, मग नव्या जागी ठेवा. दर वेळी 15 टक्के पाणी बदला. प्रवाळ लागलेले दगड सगळ्यात शेवटी आणि त्याच उंचीवर. उंची बदलली तर उजेड बदलतो. वर चढवणं टळत नसेल तर दिव्याची तीव्रता साठ टक्क्यांवर आणून तीन-चार आठवड्यांत परत वाढवा. 60 पैकी 20-25 किलो कायमचे बाहेर काढावे लागतील, पण तेही टप्प्याटप्प्याने, कारण जिवाणू त्यातच आहेत.

मत्स्यगंधा_वडगाव

आणि उचलताना जाड रबरी मोजे घाला. ब्रिस्टल वर्मचे (दगडातल्या काटेरी किड्याचे) काटे बोटात मोडतात. ऐप्टेशिया (डंख मारणारं छोटं समुद्रफूल) दिसला तर खरवडू नका, तुटलेल्या तुकड्यातून नवे उगवतात. पाण्याबाहेर आलेला दगड असेल तर तेवढ्या जागेवर जेल लावून बुजवा.

टिळकवाडी_टाकी

शेवटचे दोन: दगड थेट काचेवर ठेवू की खाली काही घालू? आणि रेती किती?

निपाणी_लाटा

पायाखाली भाजी चिरायच्या पांढऱ्या प्लास्टिक पाटाचे तुकडे, 5-6 मिलिमीटर जाड, पायापेक्षा दोन सेंटीमीटर मोठे. पाणी भरण्याआधीच पायाखाली दाबून ठेवा, नाही तर ते प्लास्टिक तरंगतं. पूर्ण तळभर जाळी घालू नका, तिच्या चौकोनांत घाण अडकते.

रेती 1-2 मिलिमीटर दाण्याची, अडीच सेंटीमीटर थर. त्याला 18 लिटर, म्हणजे 26-27 किलो लागेल, दगडाच्या पायांची जागा सोडून 24 पुरे. याहून बारीक घेतली तर या प्रवाहात उडून प्रवाळांवर बसते. नुसत्या काचेचा तळ ठेवला तरी चालतो, साफ करायला तो बरा, पण दिसायला रेती छान आणि काही मासे तिच्याशिवाय झोपत नाहीत.

वजनाचाही हिशेब करून घ्या. पाणी 380, काच 85 च्या आसपास, दगड 28, रेती 24, सम्पमधलं पाणी शंभरेक, वर स्टँड. साडेसहाशे किलो होतात. बेळगावातल्या जुन्या घरांची माडी लाकडी तुळयांवर असते, तिथे ही टाकी नको. तळमजल्यावर, पाणसळ लावून. स्टँड एका बाजूला तीन मिलिमीटर कलला तरी भरायच्या आधीच पाचर मारून सरळ करा, आणि टाकीखाली पूर्ण मापाची थर्मोकोलची पाटी.

टिळकवाडी_टाकी

समजलं. पुठ्ठा कापून पायांचे दगड वेगळे काढतो आणि मोठ्या बेटाचा कच्चा फोटो टाकतो. गोंद लावायच्या आधी एकदा बघून सांगा.

खानापूर_रीफ

समोरून एक आणि बरोबर वरून एक असे दोन फोटो टाका. बाजूला मोजपट्टी ठेवा, आणि कुठल्या फळीवर कोण बसणार ते खडूने दगडावरच लिहा.